दहा मिनिटं आणि चाळीस दिवस

हेमांगी साळुंखेकडे प्रत्येक कामाच्या दोन तारखा असायच्या. एक फळ्यावरची, एक खिशातली. फळ्यावरची तारीख साइटच्या शेडमध्ये लाल खडूने ठसठशीत लिहिलेली असे आणि तिच्यावर कुणाचाच विश्वास नसे. खिशातली तारीख तिच्या छोट्या वहीत असे, फळ्यावरच्यापेक्षा दहा-बारा दिवस पुढची, आणि ती कुणाला दाखवायची नसे. यात लबाडी अशी काही नव्हती. तासगावपासून मिरजेपर्यंत सगळी बांधकामं अशीच चालत. मॅडम दहा तारीख म्हणाल्या की मिस्त्री मनात वीस धरणार, मिस्त्रींनी वीस धरली की मालक मनात तीस धरणार, आणि काम अठराला होऊन जाणार. सगळे खूश.

अठरा वर्षं ती बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं बांधत होती. द्राक्षं वाळून बेदाणा तयार झाला की तो ठेवायला गार खोल्या लागतात, आणि बेदाणा काही कुणासाठी थांबत नाही. या वर्षीचं तासगावजवळचं काम तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं होतं, चोवीस खोल्यांचं. ते तिच्या हाताखाली राहायला एकच अट होती. तिच्या प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्राची मुदत मार्चअखेर संपत होती, त्याआधी परीक्षा पुन्हा पास व्हायची. नाही झाली, तर काम दुसऱ्याकडे, आणि ती त्याची मदतनीस.

परीक्षेला ती घाबरत नव्हती, नुसती कंटाळली होती. एकशे ऐंशी प्रश्न, चार पर्याय, एकावर खूण. तिनं पाच जाडजूड पुस्तकं पाठ केली होती. साइटवरून आली की पोळ्या लाटतालाटता व्याख्या म्हणायची. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आतल्या बाजूला तक्ते दिसायचे. आणि डिसेंबरात परीक्षा घेणाऱ्या परिषदेचं पत्र आलं की जुनी परीक्षा बंद, जानेवारीपासून नवी.

हेमांगीनं पत्र दोनदा वाचलं, पाचही पुस्तकं उचलून कपाटावर ठेवली आणि खुर्चीत बसून राहिली. तिची नववीतली मुलगी मुक्ता हिनं पत्र पुन्हा एकदा मोठ्यानं वाचून काढलं. तिला ते भारीच वाटलं.

नव्या परीक्षेत प्रश्नच नव्हते. परिषदेचं म्हणणं होतं की देशात सगळे व्यवस्थापक पहिल्या वर्गात पास आहेत आणि सगळी कामं लेट आहेत, तेव्हा पाठांतर तपासण्यात अर्थ नाही. तपासायचा तो शब्द. म्हणून उमेदवारानं चाळीस दिवस एक बटण लावून हिंडायचं. शर्टाच्या बटणाएवढंच, राखाडी. नाव ‘साक्षी’. ते दिवसभराचं बोलणं ऐकणार, पण त्यातलं एकच ठेवणार: पुढच्या कशाबद्दल दिलेला शब्द. ‘सोमवारी स्लॅब होईल’, ‘पाचला येते’, ‘दुरुस्त करून देते’, असलं काही कानावर आलं की ते टिपायचं, आणि तो दिवस उजाडला की खरंच तसं झालं का ते बघायचं.

यात चूक होऊच नये असं मात्र नव्हतं, आणि गंमत तिथंच होती. समजा हवामान खात्यातला माणूस दहा वेळा म्हणाला, ‘उद्या सत्तर टक्के पाऊस’, आणि त्यांतल्या सात वेळा पाऊस पडला, तर तो उत्तम माणूस. तीनदा कोरडं गेलं तरीही. कारण त्यानं सत्तरच सांगितलं होतं, शंभर नाही. आपल्याला किती ठाऊक नाही हे त्याला नीट ठाऊक होतं. साक्षी तेच मोजायची. तुम्ही टक्का सांगितलात तर तो धरायची, नाही सांगितलात तर तुमच्या आवाजातला ठामपणा धरायची. जितकं ठाम बोलून चुकाल, तितका अंक घसरणार. शिवाय ऐकणारा तुमच्या शब्दावर किती विसंबलाय, तेही त्याच्या श्वासावरून आणि बोलण्यावरून ती ताडायची, आणि तितकं वजन त्या शब्दाला द्यायची. सुरुवात पन्नास अंकांपासून. चाळिसाव्या दिवशी पंच्याहत्तर असले की पास. बटण काढलं किंवा झाकलं तर थेट नापास.

पहिला आठवडा सरावाचा होता. तो संपल्यावर साक्षीनं फोनवर कळवलं की हेमांगीनं ठामपणे दिलेल्या दर शंभर शब्दांतले अडतीस खरे होतात.

“आई, तू अडतीस आहेस,” मुक्ता म्हणाली. “मला गणितात यापेक्षा जास्त पडले होते, तरी तू माझा फोन घेतला होतास.”

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत हेमांगीचे वडील, अण्णा, खोकल्यासारखं हसले. हल्ली हसलं तरी त्यांना धाप लागायची. हृदयाची एक झडप अरुंद झाली होती आणि मिरजेच्या डॉक्टरांनी ती बदलायला सांगितली होती.

अण्णांनी तेहेतीस वर्षं एस.टी.च्या डेपोत वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत काढली होती. गाडी कधी येणार असं कुणीही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, दहा मिनिटं. आटपाडीची असो, जतची असो, घाटात बंद पडलेली असो, दहा मिनिटं. लहानपणी हेमांगीनं एकदा विचारलं होतं, की अण्णा, तुम्ही लोकांना खोटं का सांगता. ते म्हणाले होते, गाडी कधी येईल ते मला तरी कुठं ठाऊक? पण दहा मिनिटं म्हटलं की माणूस बाकावर टेकतो, पोराला पाणी पाजतो. अर्धा तास म्हटलं की वडापच्या, म्हणजे खासगी, जीपला लटकतो. त्यांच्याकडे एक रजिस्टर असे, त्यात ‘उशिराचं कारण’ असा रकाना. बाकीचे त्यात पंक्चर, ट्रॅफिक, इंजिन वगैरे लिहीत. अण्णा दर वेळी दोनच शब्द लिहायचे: प्रवासी सुखरूप. त्यावरून साहेबांची बोलणीही खाल्ली त्यांनी, पण रकाना बदलला नाही.

परीक्षा एका बुधवारी सुरू झाली. त्याआधी हेमांगी सांगलीतल्या पट्टणशेट्टी सरांच्या क्लासला जाऊन आली होती. सर मोठे वस्ताद. परीक्षा जुनी असो की नवी, तिला मागचं दार असतंच, यावर त्यांचा क्लास उभा होता. त्यांनी फळ्यावर दोनच नियम लिहिले. एक, ज्याची खात्री नाही त्याबद्दल ‘सांगता येत नाही’ एवढंच म्हणायचं. दोन, ज्याची खात्री आहे ते मोठ्यानं म्हणायचं. म्हणजे चहाचा कप हातात आला की ‘मी आता चहा पिणार आहे’ म्हणायचं आणि प्यायचा. दर वेळी थेंबभर अंक वाढतो. थेंबे थेंबे तळे साचे.

झालं. हेमांगीच्या घरात नवीनच भाषा सुरू झाली. मी आता दार उघडणार आहे. मी आता गॅस बंद करणार आहे. मुक्ताच्या मैत्रिणी घरी आल्या की हे ऐकायला गप्प बसून राहत. आणि बाकी कशालाही एकच उत्तर. ‘आई, रविवारी थालीपीठ करशील?’ सांगता येत नाही. ‘आई, माझ्या फॉर्मवर सही करून ठेवशील?’ सांगता येत नाही. चार दिवसांनी मुक्तानं विचारणं सोडलं. सही तिनं स्वतःच केली, आणि हुबेहूब केली, हे हेमांगीला पुढे शाळेतून कळलं.

अण्णांनी एकदाच विचारलं, ऑपरेशन कधी. डॉक्टरांची तारीख पक्की व्हायची होती, म्हणून हेमांगी म्हणाली, सांगता येत नाही. अण्णांनी तिच्या बटणाकडे बघितलं. मग म्हणाले, निदान दहा मिनिटं म्हण. ती हसली आणि कामाला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तर अण्णा आंघोळ करून, टोपी घालून दाराजवळच्या स्टुलावर बसले होते. पायाशी पिशवी. पिशवीत दोन सदरे, टॉवेल, चष्म्याचं घर, औषधं. आज नाही जायचं अण्णा, ती म्हणाली. बरं, म्हणाले. पण तिसऱ्या दिवशीही ते तसेच बसलेले, चौथ्या दिवशीही. ज्यांनी जन्मभर खिडकीच्या आत बसून लोकांना वेळ सांगितली, ते आता बाहेरच्या बाकावर बसले होते, आणि खिडकीत कुणीच नव्हतं. हेमांगीला ते दिसत होतं. पण तिला इतका शीण आला होता, की दिसणं आणि त्यावर काही करणं यांच्यामध्ये एक लांबच लांब जिना होता, आणि तो चढायची ताकद तिच्यात नव्हती.

साइटवर तर कहरच झाला. फळ्यावर तारीख लिहिली तर तोही शब्दच, म्हणून तिनं फळा पुसून टाकला. इर्शाद मिस्त्री तिच्याबरोबर अकरा वर्षं काम करत होते. त्यांनी विचारलं की फरशीचं काँक्रीट कधी घ्यायचं. सांगता येत नाही. खोल्यांच्या भिंतींचे पॅनेलवाले विचारत होते, थंडाव्याच्या गॅसचे पाइपवाले विचारत होते. सगळ्यांना तेच. मग ज्यानं त्यानं आपापलं धरलं. तेराव्या दिवशी, सोमवारी सकाळी, काँक्रीटची गाडी आणि पॅनेलचा ट्रेलर एकाच वेळी फाटकात येऊन अडकले. पाइपवाले, ज्यांनी या दोघांच्या आधी यायचं होतं, ते जयसिंगपुरात दुसऱ्या कामावर निघून गेले होते. बघता बघता गाडीतलं काँक्रीट वाया गेलं आणि आठवडा बुडाला. सगळे हेमांगीकडे बघत होते. ती म्हणाली, “मी आता ऑफिसात जाणार आहे,” आणि गेली. साक्षीनं पाव अंक वाढवला.

ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली. इर्शाद मिस्त्री मागोमाग आले, डोक्यावरचं हेल्मेट काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि उभेच राहिले.

“मॅडम, एक बोलू का? तुम्ही दहा म्हणायचा, आम्ही वीस समजायचो, काम अठराला व्हायचं. आता तुम्ही काहीच म्हणत नाही. मग आम्ही काय समजायचं?”

हेमांगी म्हणाली, परीक्षा आहे हो मिस्त्री.

“ते हायच. पण खोटी का असेना, तारीख द्या. तारखेला धरून माणूस उभा राहतो.”

त्या दिवशी घरी जाताना तिनं स्कूटर तासगावच्या अलीकडे एका चिंचेखाली थांबवली. वाऱ्याला बेदाण्याच्या शेडांचा आंबट-गोड वास होता. तिनं खिशातली वही काढली. अठरा वर्षं ही तारीख तिनं लपवली होती. का, तर सगळेच लपवतात म्हणून. फळ्यावरची तारीख खोटी होती आणि पट्टणशेट्टी सरांची युक्ती तर त्याहून खोटी. आणि खरी तारीख सगळा काळ तिच्या कमरेला, घामानं भिजत.

मंगळवारी तिनं फळ्यावर एकच तारीख लिहिली, खिशातली. पुढे लिहिलं, सत्तर टक्के.

“सत्तर टक्के म्हणजे किती दिवस?” इर्शाद मिस्त्रींनी विचारलं.

तिनं सांगितलं, दहा वेळा मी असं म्हटलं तर सात वेळा ते खरं होईल. मिस्त्रींनी मान डोलवत विचार केला. मग म्हणाले, म्हणजे तीन वेळांसाठी दुसरं काम तयार ठेवायचं. बरोबर, हेमांगी म्हणाली, आणि तिला एकदम वाटलं, पाच पुस्तकांत जे आहे ते या माणसानं एका वाक्यात सांगितलं. आठ दिवसांत साऱ्या साइटला टक्क्यांचा नादच लागला. जेवण आलं का? ऐंशी टक्के. पक्या उद्या येणार का? त्याची बायको माहेराहून आली असेल तर वीस. मजा अशी, की काम खरंच रुळावर आलं. आणि अंकही चढला, थेंबानं नाही, चांगला ढांगा टाकत. पस्तिसाव्या दिवशी साक्षीनं त्र्याऐंशी दाखवले. मुक्तानं ते आकडे फ्रिजवर चिकटवले. आता पाच दिवस नीट गेले की झालं. यंत्र वाईट नव्हतं, हे हेमांगीला कबूल करावं लागलं. खोटेपणाची इतकी सवय झाली होती की खरं बोलल्यावर काय हलकं वाटतं, ते तिला यंत्रानंच शिकवलं होतं.

छत्तिसाव्या दिवशी, बुधवारी, अण्णांचं ऑपरेशन होतं.

छाती उघडायची नव्हती. मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून नवी झडप जागेवर नेऊन बसवायची. अण्णांना मुक्तानं ते चित्र काढून समजावलं होतं आणि त्यांनी, म्हणजे बायपासनं गाडी न्यायची, असं त्याचं स्वतःपुरतं भाषांतर केलं होतं. डॉक्टर शांतपणे हेमांगीला बाजूला घेऊन बोलले. चांगलं होईल अशीच आशा आहे. सगळं ठीक गेलं तर रविवारी घरी. पण वय अठ्ठ्याहत्तर, मूत्रपिंड थोडं अशक्त. रविवारी घरी जायची शक्यता साठ-पासष्ट टक्के धरा. आणि अजिबातच घरी न जाण्याचीही, थोडी का होईना, आहे.

अण्णांना हिरवा झगा घातला होता. टोपी काढल्यामुळे ते फार लहान दिसत होते. स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी थांबलं, दार उघडायला कुणी तरी यायचं होतं. अण्णांनी हेमांगीचा हात धरला. त्यांची बोटं गार पडली होती.

“हेमा, मी रविवारी घरी ना?”

तिला उत्तर ठाऊक होतं. पासष्ट टक्के. साक्षीला ते चाललं असतं, रविवारी काहीही झालं तरी चाललं असतं. इर्शाद मिस्त्रींनाही चाललं असतं, त्यांनी उरलेल्या पस्तीस टक्क्यांसाठी दुसरं काम शोधून ठेवलं असतं. पण अण्णांकडे दुसरं काम नव्हतं. दार उघडेपर्यंत त्यांना फक्त कुठे तरी टेकायचं होतं.

तिच्या शेजारी उभ्या मुक्ताला काय होणार ते तिच्याआधी कळलं. तिनं हात पुढे करून तळवा आईच्या बटणाजवळ नेला. झाकलं तर नापास, हे तिलाही माहीत होतं, पण हात आपोआप गेला. हेमांगीनं तो अलगद बाजूला केला. ती चोरून बोलणार नव्हती.

“रविवारी घरी, अण्णा. शंभर टक्के.”

अण्णांनी डोळे मिटले. त्यांच्या बोटांची पकड सैल झाली, जशी बाकावर टेकलेल्या माणसाची होते. दार उघडलं आणि स्ट्रेचर आत गेलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. गुरुवारी अण्णा बसले, शुक्रवारी त्यांनी हॉस्पिटलच्या चहाला नावं ठेवली. शनिवारी ताप आला. मोठा नव्हता, पण डॉक्टर म्हणाले, दोन दिवस ठेवून घेऊ. हेमांगीनं काही वाद घातला नाही. रविवारी संध्याकाळी सहा वाजता, ती अण्णांना भाताची पेज भरवत असताना, बटण एकदा थरथरलं आणि परीक्षा संपली. सत्तेचाळीस. अनुत्तीर्ण. सोबत एक ओळ: छत्तिसाव्या दिवशीचा शब्द पूर्ण ठामपणे दिला गेला, ऐकणारा पूर्णपणे विसंबला, शब्द खरा झाला नाही.

त्यात चुकीचं असं एक अक्षर नव्हतं. हेमांगीनं फोन पालथा ठेवला आणि पेज भरवणं पुरं केलं.

सोमवारी साइटवर नवा व्यवस्थापक आला. सत्तावीस वर्षांचा, चुणचुणीत, बोलायला गोड. हेमांगीनं त्याला चाव्या दिल्या, नकाशे दिले, पॅनेलवाल्यांचे नंबर दिले. इर्शाद मिस्त्री लांबून बघत होते. मुलगा फळ्यापाशी गेला आणि विचारू लागला, हे सत्तर टक्के म्हणजे काय. हेमांगीला समजावून सांगायचं त्राण नव्हतं. मिस्त्रींनी पुढे येऊन समजावलं, तिच्याहून छान. जाताना ते तिच्याजवळ थांबले आणि म्हणाले, आपलं जुनंच धरतो मॅडम, तुम्ही पुढच्या खेपेला पास. मी मनात दहा दिवस जास्त घेतो, एवढंच.

अण्णा मंगळवारी घरी आले. जिने चढायला मुक्तानं एका बाजूनं धरलं, हेमांगीनं दुसऱ्या. तीन जिने, दर वळणावर विश्रांती, पण धाप पूर्वीसारखी नव्हती. दारात आल्यावर त्यांनी टोपी नीट केली, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि बोटांवर मोजलं.

“दोन दिवस लेट,” ते म्हणाले. “आमच्या डेपोच्या मानानं वेळेवर.”

मुक्ता इतकी हसली की शेजारचं दार उघडलं. हेमांगीही हसली आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण उभ्यानं हसू शकत नाही, इतके पाय दुखताहेत. ती दाराजवळच्या स्टुलावर बसली, अण्णांच्या पिशवीशेजारी. फोन हातात घेतला. परिषदेचा शेवटचा फॉर्म भरायचा राहिला होता. तो भरला की पुढच्या परीक्षेला, सहा महिन्यांनी, पुन्हा बसता येणार होतं. नाव, क्रमांक, मिळालेले अंक, आणि एक रकाना: शब्द खरा न होण्याचं कारण. किमान दोन शब्द.

तिनं रकान्यावर बोट टेकवलं. वैद्यकीय कारण? अनपेक्षित परिस्थिती? पाचही पुस्तकांत यासाठी चांगले शब्द होते, आणि एकही आठवत नव्हता.

“काय लिहितेस गं?” आरामखुर्चीतून अण्णांनी विचारलं.

“उशिराचं कारण.”

अण्णांनी पाय लांब केले. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांच्या खात्यातला प्रश्न विचारला होता.

“त्यात काय विचार करायचा? लिही, प्रवासी सुखरूप.”

तिनं लिहिलं. पाठवून दिलं. मग बटण काढून चष्म्याच्या घरात ठेवलं आणि मुक्ताला सांगितलं, की रविवारी थालीपीठ करीन. किती टक्के, असं मुक्तानं विचारलं नाही.

सहा महिने होते अजून. अण्णांच्या घड्याळानं, दहा मिनिटं.